घरातील एक प्रौढ स्त्री

ओडेल वकिलांनी पोलिसांच्या अहवालातलं ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"'सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी घरातील एका प्रौढ स्त्रीने दार उघडले व आम्हांस स्वखुशीने आत घेतले.' एवढंच आहे. नाव नाही, वय नाही, केसांचा रंगसुद्धा नाही."

"नाव का नाही?" इरेनाने विचारलं.

"विसरले असतील. किंवा जागा मुद्दाम मोकळी ठेवली असेल. साक्षीच्या दिवशी जिचं नाव सोयीचं पडेल तिचं घालायला." वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणून मी आज आलो. मंगळवारी सुनावणी आहे. त्याआधी मला कळायला हवं की दार कुणी उघडलं."

ईस्टरच्या आधीचा रविवार. सकाळी संत सिरिलच्या चर्चमधून आणलेल्या विलोच्या डहाळ्या टेबलावरच्या बरणीत उभ्या होत्या. वेरोना बेंको शेगडीपाशी पाठ करून कोबी परतत होती. अडुसष्टाव्या वर्षीही घरात पाहुणा आला की ती बसत नसे. तिचा थोरला एमिल अंगातला कोट न काढता खिडकीशी उभा होता. मधली इरेना वकिलांच्या शेजारी खुर्ची ओढून, शाळेच्या कचेरीत बसते तशी ताठ बसली होती. आणि एमिलची बायको डोलोरेस दाराजवळच्या स्टुलावर, हातात पर्स धरून. या घरात ती बावीस वर्षं त्याच स्टुलावर बसत आली होती.

धाकटा रे तिथे नव्हता. तो अठरा दिवस जिल्ह्याच्या तुरुंगात होता.

झालं होतं ते लॉरेल फोर्जमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. भट्टीच्या कारखान्यातल्या संपाचा अकरावा आठवडा. संप मोडायला बाहेरची माणसं कामावर आणणाऱ्या क्लाइड बार्लो सुपरवायझरच्या घरावर कुणीतरी रस्त्यावरून गोळी झाडली. गोळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरली आणि त्याच्या बायकोच्या, अर्लीनच्या दंडातून आरपार गेली. पाच दिवसांनी, बुधवारी, पोलीस वेरोनाच्या घरात आले आणि कोठारातल्या लोणच्याच्या बरण्यांमागून तिच्या नवऱ्याची, दिवंगत योझेफची, हरणाच्या शिकारीची रायफल घेऊन गेले. गोळी त्याच रायफलची निघाली. त्याच दुपारी रेला युनियनच्या कचेरीतून बेड्या घालून नेलं. आईच्या घरात वरच्या खोलीत तोच एकटा राहत होता.

"पोलिसांना घरात शिरायचं तर न्यायाधीशाच्या सहीचा कागद लागतो," ओडेल सांगत होते. सरकारने नेमून दिलेले वकील, कोटाची कोपरं झिजलेली, पण बोलणं सावकाश आणि सरळ. "त्यांच्याकडे तो नव्हता. कागद नसेल तर घरच्या माणसाचा होकार लागतो, तोही मनापासूनचा. दोन्ही नसेल, तर त्या घरात जे सापडलं ते कोर्टासमोर ठेवता येत नाही. आणि रायफल नाही तर त्यांच्याकडे रेविरुद्ध काहीही नाही."

"ती रायफल खरी असली तरी?" एमिलने खिडकीतून न वळता विचारलं.

"खरी असली तरी."

"अजब कायदा आहे."

"तुझ्या घरात शिरतील तेव्हा अजब नाही वाटणार दादा," इरेना म्हणाली. मग ती डोलोरेसकडे वळली. आवाज अगदी गोड. "वहिनी, बुधवार तुझा धुण्याचा वार ना? आईचे कपडे न्यायला येतेस तू दर बुधवारी."

डोलोरेसला हे येणार हे ठाऊक होतं. सकाळी चर्चमध्ये नणंदेने तिच्यासाठी जागा धरली नव्हती, तेव्हाच तिने ओळखलं होतं.

"त्या बुधवारी नव्हते आले. दाताच्या डॉक्टरकडे होते."

"नेमकं त्याच बुधवारी."

"दाढ वार बघून दुखत नाही, इरेना."

"किल्ली आहे ना तुझ्याकडे? या घराची किल्ली आईकडे, रेकडे आणि तुझ्याकडे. माझ्याकडे नाही, मी पोटची मुलगी असून. आई त्या बुधवारी चर्चमध्ये वेदीची कापडं इस्त्री करायला गेली होती. मी शाळेत होते, तीस माणसांनी पाहिलंय मला. मग राहिलं कोण?" इरेनाने वकिलांकडे पाहिलं. "शिवाय वहिनीचा भाऊ पोलिसात आहे. इथल्या नाही, कॅन्टर्बरीच्या. पण पोलीस तो पोलीसच."

"मायकेल वाहतुकीची पावती फाडतो," डोलोरेस म्हणाली. "त्याला ही रायफल आहे हेही माहीत नव्हतं."

"तुला तर माहीत होतं."

वेरोनाने डावाने कढईच्या कडेवर दोनदा ठोकलं. "जेवताना भांडू नका," ती म्हणाली, जरी कुणीच अजून जेवत नव्हतं. तिने वकिलांसमोर बटाट्याच्या गोळ्यांची आणि कोबीची बशी ठेवली, आणि पुन्हा पाठ केली.

डोलोरेस नवऱ्याकडे पाहत राहिली. तिला दाताच्या डॉक्टरच्या दाराशी त्यानेच सोडलं होतं. सव्वानऊला. साडेअकराला तोच घ्यायला आला होता, आणि तिचा गाल सुजलेला पाहून हसलाही होता. एक वाक्य बोलला असता तरी हे सगळं संपलं असतं. एमिल खिडकीबाहेर बघत होता, जिथे कुंपण आणि शेजाऱ्यांची कोळशाची खोली याशिवाय काहीही नव्हतं.

"मी जरा बाहेर जातो," तो म्हणाला, आणि गेला.

*

मागच्या पायऱ्यांवर एमिलने सिगारेट पेटवली. त्याच्या पाठोपाठ इरेना येणार हे त्याला माहीत होतंच. लहानपणापासून तिची ही सवय होती. भांडण एका खोलीत सुरू करायचं आणि दुसऱ्या खोलीत संपवायचं.

"तिने उघडलं ना?" ती म्हणाली. "मला खरं सांग. मी वकिलांना सांगणार नाही. निदान आपण तरी अंधारात राहायला नको."

"मला माहीत नाही."

"तुझी बायको आहे आणि तुला माहीत नाही. रे तुझ्यावर थुंकला होता, कारखान्याच्या फाटकावर, सगळ्यांदेखत. तू साहेबांच्या बाजूला गेलास, खुर्चीवर बसलास, हातात फायली आल्या. ते वहिनीला लागलं असणार. बाईमाणसाला नवऱ्याचा अपमान जास्त लागतो."

 थुंकी एमिलच्या बाहीवर पडली होती. त्याने ती रुमालाने पुसली होती आणि तो रुमाल कचऱ्यात टाकला होता, एवढं त्याला आठवत होतं. मात्र या क्षणी त्याच्या मनात दुसरंच होतं. डोलोरेस सुटली की सगळ्यांच्या नजरा एकेक करून घर फिरणार होत्या, आणि फिरत फिरत त्याच्यावर येणार होत्या.

मागचं दार उघडलं. डोलोरेस कोट घालून आली होती.

"मी तिथे बसून वाट बघत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हटलं आता बोलेल, मग बोलेल. डॉक्टरच्या दारात मला कोणी सोडलं, एमिल?"

इरेनाने भावाकडे पाहिलं.

"मी," एमिल म्हणाला.

"किती वाजता?"

"सव्वानऊला. परत आणली साडेअकराला."

"आणि हे तू अर्धा तास गिळून बसलास. तुझी बहीण माझी चोरासारखी उलटतपासणी घेते आणि तू कुंपण मोजतोस." डोलोरेसचा आवाज चढला नाही. "माणूस बायकोला उगीच फासावर देत नाही. तुला माझ्याआड लपायचंय. कशापासून?"

सिगारेट अर्धी होती. त्याने ती पायरीवर विझवली.

"लोमॅक्स म्हणून डिटेक्टिव्ह आहे," तो म्हणाला. "झडतीच्या आधीच्या सोमवारी आला होता, कारखान्याच्या गाड्या लावायच्या जागेत. म्हणाला, तुमच्या वडिलांची एक रायफल होती असं ऐकलं. मी म्हटलं, होती. म्हणाला, आता कुठे असेल. मी म्हटलं, आईकडे असेल, आणखी कुठे जाणार."

"बस?" इरेनाने विचारलं.

"बस. नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं."

"आणि माहीत नाही म्हटलं असतं तर?"

 इरेना दोन पायऱ्या उतरून खाली गेली, परत वर आली, आणि या वेळी ती डोलोरेसच्या बाजूला उभी राहिली. इतकी जवळ ती बावीस वर्षांत उभी राहिली नव्हती.

"वहिनी, मी तुला..."

"राहू दे," डोलोरेस म्हणाली. "उद्या दुसरं काही निघालं तर तू पुन्हा इकडून तिकडे जाशील." ती घरात गेली. खिडकीतून त्या दोघांना दिसलं, तिने पर्समधून किल्ली काढली, टेबलावर वकिलांच्या बशीशेजारी ठेवली, सासूला काहीतरी सांगितलं आणि पुढच्या दाराने निघून गेली. गाडीची किल्ली एमिलच्या खिशात होती. ती चालतच गेली.

*

वेरोनाने सगळं ऐकलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी वरून बोटभर उघडीच असे, वाफ जायला.

सून तिला म्हणाली होती, "आई, तुमचे कपडे धुवून घडी करून ठेवलेत. एमिल आणून देईल. मी आता यायची नाही." तिने थांबवलं नाही. थांबवायला एक वाक्य पुरे होतं, तिच्या मुलाला जसं पुरे होतं तसंच. आणि मुलासारखीच ती ते गिळून उभी होती.

एमिल आणि इरेना आत आले. ओडेल बशी संपवत होते. तिने शेगडी बंद केली, हात पुसले, आणि डोलोरेसच्या रिकाम्या स्टुलावर बसली. पाहुण्यासमोर ती बसलेली पाहून इरेना जागीच थबकली.

"दार मी उघडलं," वेरोना म्हणाली.

ओडेल यांनी काटा बशीत ठेवला.

"तू चर्चमध्ये होतीस," इरेना शेवटी म्हणाली.

"गेले होते. गुडघा दुखायला लागला म्हणून साडेनऊला परत आले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, मी चर्चमध्ये होते. कुठपर्यंत होते ते कुणी विचारलं नाही."

"अठरा दिवस, आई," एमिल म्हणाला. "अठरा दिवस तू आम्हाला एकमेकांच्या अंगावर..."

"तू बोलू नकोस." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ओडेल यांनी वही उघडली. "मिसेस बेंको, मला शब्द हवेत. ते काय म्हणाले आणि तुम्ही काय म्हणालात. जसंच्या तसं. बरं वाटो न वाटो."

वेरोनाने हात मांडीवर ठेवले. "तिघे होते. दोन गणवेशातले आणि एक साध्या कपड्यांतला, लाल मानेचा. मी साखळी लावूनच दार उघडलं. लाल मानेचा म्हणाला, रायफल बघायची आहे. मी म्हटलं, कागद आहे का. योझेफने मला शिकवलं होतं, एकोणपन्नासच्या संपात घरोघर झडत्या झाल्या तेव्हा. कागद मागायचा. तो म्हणाला, कागद वाटेवर आहे, माणूस घेऊन निघालाय. तोपर्यंत उघडत नसशील तर दार फोडू, आणि तुला पोलिसांना अडवल्याबद्दल सोबत नेऊ. मग मी साखळी काढली."

"काही बोललात?"

"बोलले." तिने खाली पाहिलं. "म्हटलं, पाय पुसा."

ओडेल यांचं पेन थांबलं.

"बाहेर चिखल होता," वेरोना म्हणाली. "लादी मी आदल्या दिवशी पुसली होती."

"आई," इरेना हलकेच म्हणाली, "हे सांगायची काही गरज नाही. वकीलसाहेब, नाही ना गरज? पाय पुसा म्हणजे या असंच होतं."

"सरकारी वकील तसंच म्हणतील," ओडेल म्हणाले. "पण मी साक्षीदाराला काय गाळायचं ते सांगत नाही, बाई. तेवढं मी करत नाही." ते पुन्हा वेरोनाकडे वळले. "पुढे?"

"ते वर रेच्या खोलीत गेले. गादी फाडली. त्याच्या वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून मागे बघितलं. खाली आले, हॉलमधली कपाटं उपसली. तासभर चाललं. मग लाल मानेचा म्हणाला, आता तळघर फोडायला घेतो. मी कोठाराकडे बोट केलं."

एमिल खुर्चीवर बसला.

"का?" इरेनाने विचारलं. "आई, का दाखवलंस?"

याची उत्तरं वेरोनाकडे दोन होती, आणि अठरा दिवस ती दोन्ही तपासत होती. एक म्हणजे तिला त्यांना घरातून घालवायचं होतं. दुसरं असं की, त्याआधीच्या शनिवारी पहाटे तिने कोठारातून काकडीची बरणी काढली तेव्हा रायफलीला ताज्या तेलाचा वास येत होता. पाच वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. वेरोना चार दिवस त्या वासासोबत स्वयंपाक करत होती. त्या बुधवारी बोट तिने केलं, की त्या वासाने, हे तिला सांगता आलं नसतं.

"जावेत म्हणून," ती म्हणाली.

ओडेल तिच्याकडे बघत होते. "कोर्टात विचारतील, रायफल घरातून जावी असं तुम्हाला वाटत होतं का. तेव्हा जे खरं ते सांगा. पण एक लक्षात ठेवा. रे घरी आला तर त्याला काही विचारू नका. जे तुम्हाला माहीत नाही ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही."

*

मंगळवारी कोर्टात इरेना पहिल्या बाकावर बसली. एमिल तिच्या मागे, दोन ओळी सोडून. डोलोरेस आली नव्हती.

डिटेक्टिव्ह लोमॅक्स आधी उभा राहिला. मान खरोखरच लाल होती. म्हणाला, म्हातारीने आनंदाने आत घेतलं, जुन्या काळची माणसं, कायद्याला मानणारी. अहवालात नाव का नाही असं विचारल्यावर म्हणाला, घाई होती.

रे आरोपीच्या जागी बसला होता. दाढी वाढलेली. त्याने एकदा मागे पाहिलं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, आणि इरेनाला जाणवलं की तोही तेच शोधतोय जे ते सगळे अठरा दिवस शोधत होते. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याची आई साक्षीला उभी राहिली, आणि इरेनाने रेचा चेहरा बदलताना पाहिला.

वेरोनाने सगळं सांगितलं. साखळी, कागद वाटेवर आहे, दार फोडू. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी तिने तेही सांगितलं. "मग मी म्हटलं, पाय पुसा."

सरकारी वकील, गोरापान, अंगठी घातलेला माणूस, लगेच पुढे आला. "म्हणजे तुम्ही त्यांना पाहुण्यासारखं वागवलंत."

"पाहुण्याला मी पाय पुसायला सांगत नाही. पाहुण्याला कळतं."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश प्रेंटिस यांनी मान वर केली, हसणं थांबलं.

"रायफल कुठे आहे ते तुम्हीच दाखवलंत."

"हो."

"कारण ती घरातून जावी असं तुम्हाला वाटत होतं. खरं ना, मिसेस बेंको?"

इरेनाने बाकाची कड धरली. 

"हो," वेरोना म्हणाली. "पण ती तशी जावी असं नव्हतं वाटत."

ओडेल यांनी लोमॅक्सला परत बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली. कागद वाटेवर होता, तर त्या दिवशी न्यायाधीशाकडे अर्ज कोणी केला होता? लोमॅक्स म्हणाला, कार्यवाही सुरू होणार होती. म्हणजे केला होता की नव्हता? नव्हता.

सरकारी वकील म्हणाले, खुद्द थोरल्या मुलानेच रायफलीची माहिती दिली होती, तेवढ्या माहितीवर कागद सहज मिळाला असता. एमिलचं नाव भर कोर्टात घेतलं गेलं. रे पुन्हा वळला. या वेळी त्याने नजर फिरवली नाही. ती सरळ एका जागी गेली आणि तिथेच राहिली.

"सहज मिळाला असता," न्यायाधीश म्हणाले, "तर मग का नाही घेतला? हे कोर्ट पोलीस ठाण्यापासून चार चौक दूर आहे. मी त्या बुधवारी दिवसभर इथेच होतो." त्यांनी पुढचं कागदात बघून वाचलं. खोट्या कागदाची भीती दाखवून काढलेली साखळी म्हणजे होकार नव्हे. जिने आपली लादी जपली तिने आपलं घर देऊन टाकलं असा अर्थ होत नाही. एकदा चुकीच्या वाटेने आत शिरल्यावर पुढे जे दाखवलं गेलं तेही त्याच वाटेचं. रायफल पुराव्यात येणार नाही.

बाहेरच्या जिन्यावर अर्लीन बार्लो नवऱ्याच्या आधाराने उतरत होती. तिचा उजवा हात काळ्या झोळीत होता, बोटं वाकडी मिटलेली. ती वेरोनाच्या अगदी जवळून गेली. इरेना आईला म्हणाली, "चल, गाडी इकडे आहे." वेरोना हलली नाही. ती जिन्याच्या तळापर्यंत त्या झोळीकडे बघत राहिली.

*

सरकारने शुक्रवारी खटला काढून घेतला. शनिवारी दुपारी रे घरी आला, इरेनाने आणला. ती दारातूनच परतली, तिच्या मुलीची कसलीशी तालीम होती.

वेरोनाने अक्रोड भरलेली ईस्टरची गोड गुंडाळी कापून ठेवली होती. रेने तीन तुकडे उभ्यानेच खाल्ले.

"तू बोट दाखवलंस," तो म्हणाला.

"हो."

"मी तुरुंगात एकेकाचं नाव घेऊन झोपायचो. डोलोरेस वहिनी, इरेना, शेजारची म्हातारी. तुझं नाव कधी घेतलं नाही."

"बस, रे."

तो बसला. तिला ओडेल वकिलांचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. तिने स्वतःला रोज सकाळी ते सांगितलं होतं. विचारायचं नाही. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "गोळी तू झाडलीस?"

रेने तुकड्याचा चुरा बोटाने गोळा केला. "ती रायफल कोर्टाने बघितलीच नाही, आई. तू कशाला बघतेस?"

"कोर्ट या घरात राहत नाही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, पण दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

"खिडकीत दिवा होता," रे म्हणाला. "माणूस नव्हता. मी दोन मिनिटं थांबून बघितलं, कुणी नव्हतं. दिव्यावर धरली. ती खाली वाकलेली असणार, ओव्हनमधून काहीतरी काढत, आणि मी घोडा ओढला तेव्हा उठली. मला घाबरवायचं होतं त्यांना, एवढंच. मला ती दिसलीच नाही. किंचाळी ऐकू आली तेव्हा कळलं."

वेरोनाने डोळे मिटले. तिला वाटलं होतं की माहीत झालं की ओझं उतरेल. ते फक्त एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलं.

"तिची बोटं उघडत नाहीत," ती म्हणाली.

"बघितली मी."

तेव्हा त्यांना कळलं की हॉलच्या दारात एमिल उभा आहे. हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली, वर घडी केलेली पांढरी चादर. डोलोरेसने पाठवलेली. पुढचं दार दुपारभर उघडंच होतं.

"किती वेळ उभा आहेस?" रेने विचारलं.

"खिडकीतल्या दिव्यापासून."

एमिलने टोपली खाली ठेवली. रे उठला नाही, पण त्याचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आले.

"खटला मागे घेतलाय, संपलेला नाही," रे म्हणाला. "ओडेलने सांगितलंय मला. नवीन काही मिळालं तर पुन्हा भरतात. आता कुणाला सांगशील, दादा? लोमॅक्सला, की तुझ्या साहेबांना?"

"कुणालाच नाही."

"मागच्या वेळीही तू कुणाला सांगायला गेला नव्हतास. ते आले होते विचारायला."

एमिलने यावर विचार केला. तो खोटं बोलू शकला असता, आणि त्या क्षणी त्याच्या आईला तेच हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर त्याला स्पष्ट दिसत होतं.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "पण विचारलं तर नाही म्हणणार नाही."

"तू?" रेने आईकडे पाहिलं.

वेरोनाने टोपलीवरच्या चादरीकडे पाहिलं. कोर्टात तिला कुणी न विचारताही ती बोलली होती, आणि हे रे जाणून होता.

एमिलने डोलोरेसचं स्टूल टेबलाशी ओढलं आणि बसला. वेरोनाने त्याच्याकडे बशी सरकवली. त्याने एक तुकडा उचलला, खाल्ला नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं, तेवढाच आवाज. रेला वर जाऊन झोपायचं होतं, अठरा आणि सहा रात्री तो नीट झोपला नव्हता. एमिलला घरी जायचं होतं, बायको अजून त्याच्याशी बोलत नव्हती. वेरोनाला संध्याकाळच्या प्रार्थनेआधी पाद्र्यांकडे पापाची कबुली द्यायला जायचं होतं, दर शनिवारी ती जातच असे. तिघेही बसून राहिले. जो आधी उठेल तो कुठे जातो, हे उरलेल्या दोघांना बघायचं होतं.